जोडलेला संगणक की कंपनीचा?



शाळेच्या संगणक कक्षासाठी नवीन संगणक घ्यायचे ठरले, तेव्हापासून पालक आणि माजी विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारीत होते, "मॅडम, कंपनीचे घेणार की असेंबल करून घेणार?" कोणी फाटकाजवळ थांबून विचारले, कोणी गणपतीच्या आरतीनंतर, तर कोणी थेट फोन करून. प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याचे उत्तर ठरविण्यासाठी विश्वस्त मंडळाच्या दोन बैठका झाल्या, तीन कोटेशने मागविली आणि सिल्व्हर मॉलच्या चार फेऱ्या झाल्या. 2026 च्या जानेवारीत निर्णय झाला. हा पैसा माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी दिलेला आहे, म्हणून काय ठरले आणि का ठरले हे सर्वांना सविस्तर कळावे असे वाटले. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरी दहावी-बारावीच्या मुलांसाठी हाच विचार चाललेला असतो. त्यांनाही या लेखाचा उपयोग व्हावा.

प्रथम शब्दांचा खुलासा करते. कंपनीचा संगणक म्हणजे कारखान्यातून जोडून, तपासून, खोक्यात बंद होऊन येणारा. त्याच्यावर एक नाव, एक अनुक्रमांक आणि एक वॉरंटी असते. जोडलेला किंवा असेंबल्ड संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्यायचे आणि दुकानात किंवा घरी बसवून घ्यायचे. आत गेल्यावर दोघांची कामे सारखीच. फरक आहे तो एवढाच की पहिल्यात भागांची निवड कंपनीने केलेली असते, दुसऱ्यात आपण.

मुळात संगणक असा सुट्या भागांतून जोडता का येतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. स्कूटरचे इंजिन एका कंपनीचे आणि चेसिस दुसऱ्या कंपनीची, असे आपण घरी जोडत नाही. संगणकाच्या बाबतीत ते शक्य झाले, त्याची सुरुवात ऑगस्ट 1981 मध्ये झाली. आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई असल्यामुळे त्यांनी सगळे भाग स्वतः न बनविता बाजारात मिळणारे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा 8088 होता. इतर कंपन्यांनी जोडकार्डे बनवावीत म्हणून यंत्राची तांत्रिक माहिती, परिपथांच्या आकृत्यांसह, पुस्तकरूपाने विक्रीस ठेवली. नोव्हेंबर 1982 मध्ये कॉम्पॅक कंपनीने त्याच्याशी जुळणारे यंत्र जाहीर केले आणि मग अशा यंत्रांची रांगच लागली. पुढे 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरविले. बोर्डाला स्क्रूची भोके कुठे असावीत, विजेची जोडणी कशी असावी, हे त्यात पक्के झाले. म्हणूनच आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात नीट बसतो. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे संगणकाचे बाजार या जुळणाऱ्या मापांवरच भरभराटीला आले. आपल्या इंदूरमध्येही 1990 नंतरच्या काळात अनेक मराठी घरांत जो पहिला संगणक आला, तो ओळखीच्या कोणीतरी जोडून दिलेलाच होता.

आता आपल्या शाळेचा प्रश्न. कक्षात 2013 साली घेतलेले 14 संगणक होते. त्यांनी बारा वर्षे इमानाने काम केले. परंतु विंडोज 10 या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. पुढची विंडोज 11 घालायची तर मदरबोर्डवर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे 2017 नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रांत दोन्ही नव्हते. त्यातच आठ यंत्रे या ना त्या कारणाने बंद पडलेली. उरली सहा.

आणि वर्ग आहे 36 मुलांचा. संगणकासमोर दोन मुले बसली तर काम चालते. एक टंकतो, दुसरा पाहतो, मग अदलाबदल होते. तीन बसली की तिसरे मूल फक्त पाहते. मी अनेकदा कक्षाच्या दारात उभी राहून हे बघितले आहे. तिसरे मूल बहुधा कडेच्या खुर्चीवर असते, बहुधा ती मुलगी असते आणि बहुधा तिच्या घरी संगणक नसतो. तिची वही सगळ्यांत सुबक असते, कारण ती लिहून घेत असते. माऊस मात्र तिच्या हाती तास संपेपर्यंत येत नाही. सहा संगणकांवर तर एकेका यंत्रापुढे सहा मुले होत होती. तेव्हा दोन मुलांमागे एक याप्रमाणे 18 संगणक हवे, हा आकडा माझ्या मनात पक्का होता.

कोटेशने आली तेव्हा हिशेब असा निघाला : जमलेल्या निधीत जोडलेले 18 संगणक येत होते. कंपनीचे, तीन वर्षे शाळेत येऊन दुरुस्ती करण्याच्या वॉरंटीसह घेतले, तर 15. म्हणजे प्रश्न तीन यंत्रांचा, पर्यायाने सहा मुलांचा होता. कागदावर पाहिले तर निर्णय सरळ दिसत होता : जोडलेले घ्या.

पहिल्या बैठकीत एक अडचण आली, तीही सांगते. तिन्ही कोटेशने इंग्रजीत होती आणि त्यातले निम्मे शब्द अक्षरे आणि आकडे यांचेच होते. आमचे काही विश्वस्त सत्तरीच्या पुढचे आहेत. माझेही बी. एस्सी. हिंदी माध्यमातून झाले आहे. आमच्या भौतिकीच्या पुस्तकात कपॅसिटरला संधारित्र आणि रेझिस्टन्सला प्रतिरोध म्हणत. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि कागदपत्रे इंग्रजीत, अशी तीन भाषांतून वाट काढत आलेल्या पिढीची मी आहे. त्याचा एक फायदा असा, की न समजलेला शब्द समजल्यासारखा दाखविण्याची सवय लागत नाही. मी आमच्या संगणक शिक्षकांना विनंती केली, "सर, एकेक ओळ वाचा आणि तिचा अर्थ घरातल्या आजीला सांगावा तसा सांगा." त्यांनी सांगितले. प्रोसेसर म्हणजे काम करणारा. रॅम म्हणजे काम करताना समोर असलेले टेबल, टेबल जेवढे मोठे तेवढी पुस्तके एकदम उघडी ठेवता येतात. एसएसडी म्हणजे कपाट, वीज गेली तरी त्यातले तसेच राहते. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला झेपेल अशी करून देणारा. अर्ध्या तासात सगळ्यांना कळले की कोणत्या कोटेशनमध्ये रॅम 8 जीबी आहे आणि कोणत्यात 16, कोणी एसएमपीएसचे नावच लिहिलेले नाही आणि कोणी विंडोजचा परवाना धरलेला नाही.

हे शेवटचे दोन मुद्दे पालकांनीही लक्षात ठेवावेत. जोडलेला संगणक स्वस्त दिसतो, त्याचे एक कारण बहुतेक वेळा तेच असते. कंपनीच्या संगणकात बहुधा विंडोजचा अधिकृत परवाना किमतीत धरलेला असतो. जोडलेल्यात तो वेगळा घ्यावा लागतो. "फुकट घालून देतो" असे कोणी म्हणाले, तर ती चोरीची प्रत असते. शाळेला ते चालणार नाही. ज्या इमारतीत आपण मुलांना कॉपी करू नका असे सांगतो, तिथल्या प्रत्येक पडद्यावर कॉपी केलेली प्रणाली असणे शोभत नाही. परवान्याची किंमत मिळविल्यावर दोन्हींतले अंतर बरेच कमी झाले. तसेच कर दोन्हीकडे सारखाच, 18 टक्के जीएसटी. बिलाशिवाय घेतले तर काही पैसे वाचतात असे सांगणारे कोणत्याही शहरात भेटतात. पण बिल नसेल तर वॉरंटी कुठली? आणि विश्वस्त संस्थेला हिशेब कसा देणार?

आमच्या संगणक शिक्षकांचा कल जोडलेल्या संगणकांकडे होता. त्यांची बाजू भक्कम होती. चांगल्या कंपनीचा प्रोसेसर खोक्यातून घेतला तर त्यावर तीन वर्षांची वॉरंटी मिळते. मदरबोर्ड आणि एसएसडी यांच्यावरही सहसा तीन वर्षांची किंवा जास्त. कंपनीच्या साध्या संगणकावर मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाची असते, वाढवायची तर वेगळे पैसे. दुसरे असे की काही मोठ्या कंपन्या लहान आकाराच्या यंत्रांत आपल्या खास मापाचा बोर्ड आणि एसएमपीएस वापरतात. वॉरंटी संपल्यावर तो एसएमपीएस बिघडला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. चांगले यंत्र एका भागापायी अडून बसते. आमच्या बंद पडलेल्या आठांपैकी तीन यंत्रांचे नेमके हेच झाले होते. "मॅडम, जोडलेल्या यंत्राचा प्रत्येक अवयव बाजारात मिळतो," असे ते म्हणाले, आणि ते खरे आहे.

त्याच सुमारास भावांनी मात्र वेगळाच खेळ मांडला. 2025 च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहत होती, त्यांना लागणारी मेमरी बनविण्याकडे कारखाने वळले आणि आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला माल कमी आला. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉन या मोठ्या कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करीत असल्याचे जाहीर केले. आमच्या एका कोटेशनवर "तीन दिवसच वैध" असा शिक्का होता. जोडलेला म्हणजे स्वस्त, हे समीकरण त्यामुळे नेहमी खरे असते असे नाही. सुटे भाग घेणाऱ्याला त्या दिवसाचा भाव द्यावा लागतो, मोठ्या कंपनीने आपला माल आधी घेऊन ठेवलेला असू शकतो. ज्या दिवशी घ्यायचे, त्या दिवशी दोन्ही भाव विचारावेत हेच खरे.

दुसऱ्या बैठकीत व्यापारी असलेल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी बोलण्याची दिशाच बदलली. ते म्हणाले, "मॅडम, यंत्र घेताना यंत्र कमी बघा, मिस्त्री जास्त बघा. दुकानदाराशी तुमचा संबंध एक दिवसाचा. मिस्त्रीशी पाच वर्षांचा." मग त्यांनी संगणक शिक्षकांकडे वळून अगदी आपुलकीने विचारले, "सर, तुम्ही असेपर्यंत काळजी नाही. पण उद्या तुम्हाला सरकारी नोकरी लागली, तर? आणि ती लागावी अशीच आमची इच्छा आहे."

खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. सर आमच्याकडे कंत्राटावर आहेत, हे सर्वांना माहीत होते. त्यांनी स्वतःच उत्तर दिले, "तर मग अडचण होईल."

त्या प्रश्नानंतर मला हिशेब वेगळ्या रीतीने दिसू लागला. खरेदीच्या दिवसाचा हिशेब आम्ही केला होता, बिघाडाच्या दिवसाचा केला नव्हता. समजा, फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी तीन यंत्रे सुरू झाली नाहीत. कंपनीचे असले तर एका नंबरावर फोन करायचा, अनुक्रमांक सांगायचा, माणूस येतो. त्याला कधी एक दिवस लागेल, कधी तीन, पण जबाबदारी कोणाची याबद्दल वाद नाही. जोडलेले असले तर आधी बिघाड कुठल्या भागात आहे हे कोणीतरी ओळखले पाहिजे. मग त्या भागाचे बिल शोधायचे, तो भाग खोलून त्या कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा दुकानात द्यायचा आणि बदलून येईपर्यंत थांबायचे. वॉरंटी दोन्हीकडे आहे. पण एकीकडे ती यंत्राची आहे, दुसरीकडे ती भागांची आहे आणि त्या भागांना यंत्र समजून सांभाळणारा माणूस आपला आपल्याला ठेवावा लागतो. असा माणूस घरात असेल तर जोडलेला संगणक उत्तमच. नसेल तर वाचलेले पैसे पुढे त्याच माणसाच्या शोधात जातात.

कंपनीचे नाव म्हणजे कायमची हमी, असेही मी म्हणणार नाही. आपल्याकडे विप्रोचे संगणक एके काळी कार्यालयाकार्यालयांतून दिसत. विप्रोने 2013 मध्ये संगणक बनविणे थांबविले. कंपन्याही जातात. शेवटी यंत्र ओळखणारा माणूस आपल्यात असणे, ही एकच हमी टिकाऊ.

आणि इथेच मला वाटले की आपण एक गोष्ट विसरतो आहोत. शाळा ही कारकुनी कचेरी नव्हे. माणूस तयार करणे हेच तर आपले काम! मिस्त्री नाही म्हणून रडण्यापेक्षा, दरवर्षी चार मिस्त्री शाळेतूनच का निघू नयेत? केरळात राज्य सरकारने 2001 साली आयटी अ‍ॅट स्कूल हा उपक्रम सुरू केला. पुढे तिथल्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या प्रणालीची वाट धरली. 2018 पासून तिथे लिटल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे आयटी क्लब चालतात. मुले शाळेच्या संगणकांकडे केवळ धडा म्हणून पाहत नाहीत. आपणही आपल्या ताकदीप्रमाणे एवढे करू शकतो.

मग निर्णय झाला तो असा. दहा संगणक कंपनीचे, तीन वर्षांच्या शाळेत येऊन दुरुस्तीच्या वॉरंटीसह. परीक्षा आणि कार्यालयाची महत्त्वाची कामे यांवरच होतील. मागविताना अट घातली की एसएमपीएस आणि बोर्ड प्रचलित मापाचे हवेत. पाच संगणक सुट्या भागांत घेतले आणि ते अकरावीच्या मुलामुलींनी सरांच्या देखरेखीखाली जोडायचे ठरले. त्यांवर लिनक्स. एनसीईआरटीच्या पुस्तकाप्रमाणे अकरावी-बारावीला पायथन शिकवितात, ते लिनक्सवर उत्तम चालते आणि मराठी-हिंदी टंकनही होते. उरलेल्या रकमेत 2013 च्या चालू असलेल्या सहा यंत्रांची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, धूळ साफ केली आणि त्यांवरही लिनक्स घातले. यंत्र सुरू व्हायला आधी चार मिनिटे लागत, आता मिनिटभरही लागत नाही. दहा, पाच आणि सहा मिळून एकवीस झाले. 36 मुलांना दोन-दोन प्रमाणे 18 पुरतात, तीन हाताशी राहतात.

या निर्णयात तोटाही आहे, तो लपवीत नाही. एकाच कक्षात तीन तऱ्हेची यंत्रे आहेत, त्यामुळे सरांचे काम वाढले. मुलांना आज विंडोज, उद्या लिनक्स असे बदलावे लागते. दोन पालकांनी तक्रार केली की "आमच्या मुलाला जुन्यावर का बसविता?" त्याला उत्तर म्हणून आता जागा दर आठवड्याला फिरवितो. सगळे सगळ्यांवर बसतात.

आता जोडणीच्या शनिवारविषयी थोडे. सरांनी टेबलावर स्वच्छ सुती चादर अंथरली. सर्वांना आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावायला सांगितले, कारण अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर लहानसा त्रिकोण असतो, तो खोबणीतल्या खुणेशी जुळवायचा आणि वरून जोर द्यायचा नाही, तो अलगद बसतो. त्यावर वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप, मग पंखा. आपल्या मालव्याच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा हा लेप आणि पंखा यांचे महत्त्व विसरून चालत नाही. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती उलटी बसतच नाही. नीट बसली की 'टक' असा आवाज येतो.

सगळे झाले आणि बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच! मुलांचे चेहरे उतरले. सरांना कारण कळले असावे, पण ते हाताची घडी घालून उभे राहिले. मुलांनी रॅम काढून पुन्हा बसविली, पडद्याची तार तपासली. काही फरक नाही. तेव्हा मागे उभी असलेली एक विद्यार्थिनी पुढे आली. वही उघडून म्हणाली, "सर, तुम्ही वीज दोन ठिकाणी जोडायची सांगितली होती. मोठी वायर लागली आहे. प्रोसेसरजवळची लहान राहिली." तिने स्वतःच ती खोचली. पडदा उजळला. ही तीच विद्यार्थिनी, जी जुन्या कक्षात नेहमी तिसऱ्या खुर्चीवर बसून लिहून घेत असे. वही कामाला आलीच, आणि या वेळी हातही. त्यानंतरच्या यंत्राची जोडणी सरांनी तिच्याकडे सोपविली.

प्रत्येक यंत्राची आता एक नोंदवही केली आहे. पहिल्या पानावर भागांची नावे, अनुक्रमांक, बिलाचा क्रमांक आणि वॉरंटी कधी संपते ती तारीख. पुढच्या पानांवर बिघाड आणि दुरुस्ती. एक जास्तीचा एसएमपीएस आणि एक एसएसडी कपाटात ठेवली आहे. उद्या सरांना खरोखरच सरकारी नोकरी लागली, तर पेढे आम्ही वाटू. नवीन येणाऱ्या शिक्षकांच्या हाती नोंदवह्या असतील आणि सोबत काम जाणणारी चार मुले असतील. दर वर्षी अकरावीचे विद्यार्थी नववीच्या विद्यार्थ्यांना जोडणी शिकवतील, म्हणजे ही साखळी तुटणार नाही.

पालकांनी घरासाठी काय करावे? माझे नम्र मत असे. घरात, शेजारी किंवा नात्यात यंत्र उघडून पाहणारा कोणी भरवशाचा असेल आणि मुलाला शिकण्याची हौस असेल, तर जोडून घ्या. भाग चांगले निवडा, एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका, प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्या, आणि जोडणीच्या वेळी मुलाला, मुलीलासुद्धा, शेजारी बसवा. असा माणूस नसेल, किंवा संगणकावर आपला रोजचा धंदा चालत असेल आणि एक दिवसही बंद राहून चालणार नसेल, तर कंपनीचा घ्या आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी वाढवून घ्या. पैसे फारच कमी असतील तर आधी जुन्या यंत्रात एसएसडी घालून पाहा. आणि काहीही घ्या, अर्थिंग तपासून घ्या. आपल्या जुन्या वाड्यांमधून तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन पुष्कळदा नुसती नावाला असते.

संगणक कक्ष दर शनिवारी सकाळी 10 ते 12 या वेळात पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी खुला असतो. बिले, कोटेशने आणि नोंदवह्या पाहाव्यात. ज्यांच्या घरी बंद पडलेला डेस्कटॉप माळ्यावर धूळ खात असेल, त्यांनी तो रद्दीत देण्याआधी आमच्याकडे पाठवावा. चालू झाला तर तो एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या घरी जाईल. नाही झाला, तर नववीच्या मुलांना खोलून पाहायला मिळेल. दोन्ही वेळा तो कामालाच येणार आहे.

आपली,
प्राचार्या